टाकीतली मुलगी कशी सुटली

सोमवार, ४ तारीख

ही वही नातीने दिली. म्हणाली, "आजी, माझं पुस्तक निघालं, आता तुझं निघू दे." मी म्हटलं, माझं काय निघायचंय, निघालीच तर कवळी निघेल. पण वही शिवलेली आहे, नुसती चिकटवलेली नाही, म्हणून ठेवून घेतली.

मला अक्षर येत नाही. मी बोलणार आणि सूनबाई लिहिणार. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते, म्हणजे तिला जगातलं काहीही वाचता येतं. अट एकच घातली आहे : मी बोलेन ते लिहायचं, तिच्याबद्दल बोलले तरी. "आणि तुम्ही खोटं बोललात तर?" म्हणाली. तर तेही लिहायचं.

बत्तीस वर्षं मी बाइंडिंगखान्यात फर्मे दुमडले आणि शिवले. मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे फर्मे क्रमाने एकावर एक लावायचे आणि पाठीकडून शिवायचे. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, डोळ्यांखालून एकही गेलं नाही. हलवायाच्या घरची मांजरही माझ्यापेक्षा जास्त चाखते.

नातीला आम्ही टाचणी म्हणतो, कारण अंगाने तशी आहे आणि बोलायलाही तशीच. बावीस वर्षांची आहे. तिने पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींसाठी रहस्यकथा लिहिली. आज पुस्तक हातात दिलं. मी आधी वास घेतला, मग चिमटीत धरून जाडी बघितली, मग वरच्या कडेने घड्या मोजल्या. चौदा फर्मे.

"आजी, लोक मुखपृष्ठ बघतात गं."

"मी घड्या बघते. तुझ्या आईला बघायला गेले तेव्हाही दात मोजले होते."

हे लिहिताना सूनबाईने पेन जरा जास्तच दाबलं.

आता खरं काय ते सांगते. प्रकाशक म्हणालाय, महिनाअखेरपर्यंत लोकांची मतं बघतो आणि मग दुसऱ्या भागाचं ठरवतो. दुसरा भाग झाला तर टाचणी लिहीत राहील. नाही झाला तर एक तारखेपासून विम्याच्या कचेरीत नोकरी धरायची, असा बापलेकीचा तह झालाय. तह माझ्यासमोर झाला. मी चहा पीत होते, मला कोणी विचारलं नाही.

बुधवार, ६ तारीख

टाचणी रोज संध्याकाळी एक-दोन प्रकरणं वाचून दाखवते. एका पोरीची मैत्रीण पोहण्याच्या क्लबातून नाहीशी होते, म्हणून ही पोरगी तिला शोधायला निघते. चोर मी पहिल्याच दिवशी ओळखला. तो चोर नव्हता. दुसऱ्या दिवशी दुसरा ओळखला, तोही नव्हता. आता मी कोणाला ओळखतच नाही, नुसती ऐकते.

फोनवर पुस्तकांची एक जागा असते म्हणे. तिथे प्रत्येक पुस्तकाखाली लोक मत लिहितात आणि चांदण्या देतात. मुलाचा जुना फोन माझ्या उशाशी असतो, त्यात सूनबाईने ती जागा काढून दिली. म्हटलं, घरच्या माणसाने आधी द्यावं. सूनबाई सांगायला बसली, तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ती आत पळाली. तिची वाट कोण बघतो. पाच चांदण्या ओळीने होत्या. आपली ती पहिली, म्हणून पहिलीवर अंगठा ठेवला. लगेच पिवळीधमक झाली. खाली आणखी एक चौकोन आला, त्यावरही दाबलं. काम फत्ते.

सूनबाईचं पेन थांबलंय. काय झालं म्हटलं तर "काही नाही, आई" म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने आली. "एकदा दिलं की तीस दिवस बदलता येत नाही," असं स्वतःशीच पुटपुटत होती. बदलायचंय कशाला? मी दिलेला शब्द कधी बदललाय?

शनिवार, ९ तारीख

आज पोरीला टाकीत टाकलं. म्हणजे पुस्तकातल्या. शाळेच्या गच्चीवर रिकामी पाण्याची टाकी असते, तिला फसवून आत उतरवतात आणि वरून झाकण लावतात. शिडी काढून घेतात. मग वरच्या नळातून पाणी सुरू होतं. तिथे प्रकरण संपलं.

मी म्हटलं, पुढे वाच. टाचणी हसली. "उद्या. पुढचं प्रकरण खास आहे, ते नीट बसून वाचायचं." मी शंभर विनवण्या केल्या. "आजी, आता कसं वाटतंय?" म्हणे. कसं वाटणार, पाण्यात पाय गेल्यासारखं वाटतंय.

रविवार, १० तारीख

मतं यायला लागली. आज वाचन झालं नाही.

बुधवार, १३ तारीख

टाचणी खोलीतून बाहेर येत नाही. जेवायला येते, पण ताटाकडे न बघता जेवते. मला वाचून दाखवायचं तिच्या लक्षातही नाही. पोरगी टाकीत आहे तशीच आहे, चार दिवस झाले.

सूनबाईला म्हटलं, लोक काय लिहितात ते मला वाच. तिने वाचलं, "सुरुवात छान आहे." बस. एवढं वाचायला ती एवढा वेळ फोनकडे बघत होती की तेवढ्यात मी एक फर्मा शिवला असता. म्हटलं, सूनबाई, बत्तीस वर्षं मी वाचणाऱ्यांची तोंडं बघितली आहेत. आमचे मालक पत्र वाचायचे तेव्हा पगार वेळेवर होणार की नाही ते मला त्यांच्या भुवयांवरून कळायचं. खरं वाच.

मग वाचलं तिने. एकजण म्हणतो, शेवट फसला. दुसरी म्हणते, नायिका टाकीत बुडतेय आणि पान उलटावं तर पोलीस चौकीत बसून जबाब देतेय. केस कोणी पुसले? तिसरा म्हणतो, लेखिकेला पोरीला आत टाकता आलं, बाहेर काढता आलं नाही, म्हणून पळून गेली. चौथी शाळेतली पोर आहे, तिने लिहिलंय, मी दोन दिवस न झोपता वाचलं आणि शेवटी मला फसवलं.

त्या शेवटच्या मतावर टाचणी रडली म्हणे.

गुरुवार, १४ तारीख

दाराबाहेरून विचारलं, "अगं, सुटते कशी ती, लिहिलंयस ना तू?"

"लिहिलंय, आजी. अख्खं प्रकरण लिहिलंय."

"मग लोकांना का कळत नाही?"

 मग म्हणाली, "वाईट लिहिलं असेल. इतकं वाईट की वाचूनही कळत नसेल."

 लिहिण्यातलं मला काय कळतं? दोरा तुटला असता तर गाठ मारून दिली असती. दाराला पाठ लावून तिथेच बसून राहिले. मुलाने येऊन उठवलं, कारण गुडघे आपापले उठेनात.

सूनबाई सांगते, टाचणीला सगळ्यात जास्त लागलंय ते एका मुक्याचं. त्याने एक चांदणी दिली आणि अक्षर लिहिलं नाही. बाकीचे निदान का ते सांगतात. हा मेला पहिल्याच दिवशी आला, तोंड न उघडता थुंकून गेला. टाचणी म्हणते, "यानेच अपशकुन केला, याच्यानंतरच सगळे आले." पुस्तक तरी वाचलं असेल का त्याने? ज्या अंगठ्याने चांदणी दाबली तो अंगठा ठणकेल तुझा, मेल्या, रात्रंदिवस ठणकेल. हे सगळं लिही म्हटलं. सूनबाई म्हणते, "आई, शाप नको ना लिहायला." अट म्हणजे अट.

सोमवार, १८ तारीख

सूनबाईने एकदा टाचणीच्या दारावर टकटक केली. "तुला एक सांगायचंय, त्या एका चांदणीचं," म्हणाली. आतून आवाज आला, "आई, प्लीज, चांदण्यांचं नाव काढू नकोस. जो कोण असेल तो, मी त्याला जन्मात माफ करणार नाही." सूनबाई माझ्याकडे बघत तशीच परत आली. मी म्हटलं, काय सांगणार होतीस? म्हणाली, "मीठ संपलंय." मिठासाठी एवढं तोंड पाडायचं?

या घरात सगळ्यांना काहीतरी सांगायचंय आणि कोणीच सांगत नाही. पुस्तकात असते तर मी ओळखलं असतं.

शुक्रवार, २२ तारीख

मुलगा विम्याच्या कचेरीचा कागद घेऊन आला. टाचणीने सही केली. वाचलाही नाही. बाप म्हणाला, "अगं, महिना संपायला अजून आठ दिवस आहेत, एवढ्यात कशाला?" तर म्हणाली, "बाबा, आठ दिवसांत काय होणारे?"

तो बिचारा तह जिंकला, पण तोंड हरल्यासारखं घेऊन बसला होता.

सोमवार, २५ तारीख

आज मोठं लिहिणं आहे. सूनबाई, नवं पेन घे.

कवळी खालून टोचते म्हणून दातवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी टाचणीचं पुस्तक दुकानातून घेतलंय लेकीसाठी. माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "आजी, नातीची सही आणा ना यावर." मी तोंड उघडून खुर्चीत पडलेली, पुस्तक पोटावर. त्या आत काहीतरी आणायला गेल्या. हाताला चाळा म्हणून पुस्तक चिमटीत धरलं.

बारीक लागलं.

वाटलं, कागद हलका असेल. बोटांनी कागद चोळला, तोच होता. मग वरच्या कडेने घड्या मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. तेरा. उलट्या बाजूने मोजल्या. तेराच.

डॉक्टरीणबाई आल्या तर मी उठून बसलेले. "आजी, कवळी बसवायचीय अजून." म्हटलं, बसू दे ती डबीत. बोळक्या तोंडाने रिक्षा केली आणि सरळ सूनबाईच्या दुकानात गेले. ती एका गिऱ्हाईकाला खोकल्याचं औषध देत होती. मी म्हटलं, "शूनबाई, फर्मा गळलाय!" गिऱ्हाईक घाबरून दोन पावलं मागे सरलं.

सूनबाईला आधी पटेना. "आई, मोजायला चुकला असाल." अगं, मला एवढंच तर मोजता येतं! घरी आलो. माझं पुस्तक आणि डॉक्टरीणबाईंचं शेजारी शेजारी ठेवलं. सूनबाईने पानांचे आकडे वाचले. एकशे ब्याण्णव. समोरचं. दोनशे नऊ. मधली सोळा पानं नाहीतच. बारावा फर्मा जिथे संपतो तिथे प्रकरण संपतं, आणि चौदावा सुरू होतो तिथे नवं प्रकरण सुरू होतं, म्हणून खाच कुठे दिसत नाही. टाचणीने प्रकरणांना आकडेही घातले नाहीत, नुसती नावं दिली आहेत. आणि गोष्टीत बुडालेला माणूस पानाचा आकडा कशाला बघेल? पोरगी टाकीत, मग पोरगी चौकीत. सुटते ते तेराव्या फर्म्यात, आणि तेरावा लावायला कोणीतरी विसरला.

असं व्हायचं. आमच्याकडेही व्हायचं. ओळीने ढीग मांडलेले असतात, एकेक उचलत पुढे जायचं, कोणी हाक मारली आणि मान वळली की एक ढीग सुटतो. म्हणून मी प्रत्येक पुस्तक शिवण्याआधी मोजायचे. घरची पुस्तकं पहिल्या खेपेची, म्हणून ती पुरी होती. दुकानांत गेली ती पुढची.

दोन आठवडे लोक ओरडून सांगत होते की मधलं काहीतरी नाही. माझ्या धंद्यातली गोष्ट माझ्या कानाशी ओरडत होती, आणि मी अक्षराची गोष्ट समजून गप्प बसले. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

टाचणीचं दार बडवलं. तिने दोन्ही पुस्तकं बघितली. मला वाटलं उड्या मारेल. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी वाचलंच नाही." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून निजली.

मंगळवार, २६ तारीख

प्रकाशकाला फोन केला. त्याने तपासतो म्हटलं. दुपारी त्याचाच फोन आला : दुसऱ्या खेपेच्या साडेचारशे प्रतींत तेरावा फर्मा नाही. फार वाईट वाटतं म्हणाला. जो परत आणून देईल त्याला बदलून देऊ.

सूनबाईने विचारलं, "आणि मतांचं काय?"

"मतं लोकांची असतात हो. ती आम्हाला पुसता येत नाहीत."

मी मधेच म्हटलं, "लोकांना निरोप तरी धाडा." तो म्हणाला, कोणी कुठे घेतलं याची नोंद नसते, आजी. बैल गेला आणि झोपा केला, तोही अर्धाच.

सूनबाईने त्या जागेवर सगळ्यांना उत्तर लिहिलं की तुमच्या पुस्तकात सोळा पानं कमी आहेत. एकाने लिहिलं, "चांगलं कारण शोधलंत." त्या शाळेतल्या पोरीने मात्र विचारलं, "मग ती कशी सुटली?" बाकी कोणी फिरकलं नाही. मत देऊन झालं की माणूस पुढच्या पुस्तकाकडे जातो.

मुक्याला मात्र काय उत्तर द्यायचं? तो काही बोललाच नाही. सूनबाई म्हणते, "त्याला नंतर बघू."

शनिवार, ३० तारीख

प्रकाशकाचं पत्र आलं. दुसरा भाग तूर्त नाही. सूनबाईने "तूर्त" हा शब्द दोनदा वाचला. मी तिच्या भुवयांकडे बघितलं. तूर्त म्हणजे नाही.

सोमवार, १ तारीख

टाचणी कचेरीत गेली. डबा न्यायला विसरली. मुलगा डबा घेऊन मागे धावला, चप्पल न घालता.

गुरुवार, ४ तारीख

डॉक्टरीणबाईंचं पुस्तक मी ठेवून घेतलंय. सूनबाईने ती सोळा पानं छापून आणली. छापणाऱ्याने सुटी सुटी पानं दिली, ती मी मोठ्या कागदावर पाठीला पाठ लावून छापायला परत पाठवली. मग घड्या घातल्या. घडी दाबायची हाडाची पट्टी अजून आहे माझी, दाभणही. पुस्तकाची पाठ उसवली, बाराव्या आणि चौदाव्याच्या मधे तेरावा बसवला आणि सगळं पुस्तक दोऱ्याने शिवलं. पूर्वी असं पुस्तक हातात आलं की दहा मिनिटं. आज दिवस गेला. डोळे दोऱ्यावर ठरत नाहीत, दाभण दोनदा अंगठ्यात गेलं. ठणकतोय.

टाचणी कचेरीतून आली आणि दारात उभी राहून बघत होती. पर्स खांद्यावर तशीच.

"एक झालं," मी म्हटलं. "चारशे एकोणपन्नास राहिली."

"आजी, ती आता लोकांच्या घरी आहेत."

"माहीत आहे गं. म्हणूनच एक म्हटलं."

ती खाली बसली. पुस्तक हातात घेतलं, मी बसवलेला फर्मा उघडला आणि न विचारता वाचायला लागली. पंचवीस-सव्वीस दिवस ती पोरगी पाण्यात उभी होती, आज पुढचं ऐकलं.

टाकीत पाणी छातीपर्यंत येतं. पोरगी पोहण्याच्या पिशवीतला टॉवेल फाडते, त्याच्या पट्ट्या करते. पट्ट्या सुटतात, बोटं गारठतात. तेव्हा तिला आजी आठवते. आजी बाइंडिंगखान्यात होती, तिला अक्षर येत नव्हतं, पण तिने नातीला शिलाईच्या टोकाची गाठ शिकवली होती : दोरा मागच्या टाक्याखालून घ्यायचा, फास करायचा, त्यातून काढायचा, ओढला की जास्तच घट्ट बसतो. पोरगी तशा गाठी मारते, दोर वरच्या नळावर टाकते, चढते आणि झाकण ढकलून बाहेर येते. सोळा पानं. आजी त्यांत बोलते सुद्धा. अगदी माझ्यासारखी बोलते, जरा जास्तच शहाणी आहे.

म्हणजे मी होते ती पानं तेवढी गळाली. लोकांनी मला न वाचताच नापास केलं.

टाचणीने विचारलं, "कसं आहे?"

तोंडावर पदर धरला. कवळीचं निमित्त केलं.

"खरं सांग हं, आजी."

"नळ एवढा मजबूत असतो का कुठे?" मी म्हटलं. ती हसणार होती, पण हसली नाही. उद्या लवकर जायचंय म्हणून उठली. टेबलावर तिची लिहिण्याची वही होती, ती उचलून कपाटात ठेवून गेली.

शनिवार, ६ तारीख

अंगठा सुजलाय. हळद लावली, औषधाच्या दुकानातलं मलमही लावलं, फरक नाही.

आज कचेरीला सुट्टी. सकाळी मायलेकी स्वयंपाकघरात होत्या. सूनबाई हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती, बरंच लांबण लावून.  मग टाचणीने जी किंकाळी फोडली ती मला वाटलं भाजलं की काय. पण ती हसत होती. महिन्याने हसत होती, हसता हसता भांडी पाडत होती. मी ओरडून विचारलं, काय झालं गं? कोणी सांगेना.

थोड्या वेळाने टाचणी माझा फोन घेऊन आली. डोळे पुसत होती, हसून की कशाने ते मला ओळखता आलं नाही. माझा सुजलेला अंगठा हातात धरला, चांदण्यांच्या ओळीवर नेला.

"आजी, तीस दिवस झाले. परत दे. या टोकाची दाब."

"का? पहिली काय वाईट होती?"

सूनबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली. टाचणीने माझा अंगठा शेवटच्या चांदणीवर टेकवला. या वेळी पाचही पिवळ्या झाल्या.

मी त्या पाचांकडे बघत बसले. मग अंगठ्याकडे बघितलं.

सूनबाई, चौदा तारखेचा तो शाप खोड. "अट म्हणजे अट," म्हणते आहे ही भवानी. बरं, मग राहू दे. आणि अंगठा कशाने ठणकतोय ते मला कळलं, एवढंच खाली लिही. काय कळलं ते लिहू नकोस.